पास झालेल्यांचा सोहळा आणि आम्ही चौघे

माझी माय मिशनच्या दवाखान्यातून जिवंत घरी आली, म्हणून मी फार्मसी शिकलो. नाहीतर वरवट बकालच्या शेतकऱ्याच्या घरात हा शब्द कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. आमच्याकडे औषध देणाऱ्याला कंपाउंडर म्हणत, आणि डॉक्टरच्या हाताखाली राहून राहून माणूस आपोआप कंपाउंडर होतो अशी सगळ्यांची समजूत होती.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मायच्या पोटात गाठ झाली. खामगावच्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, घाटावर मिशनचा दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरीणबाई पोटाचं ऑपरेशन करतात, तिकडे न्या. आम्ही घाटाखालचे लोक. घाट चढून जायचं म्हणजे परमुलखात गेल्यासारखं वाटायचं. बाबा तिला घेऊन आखाडात गेले आणि पोळ्याच्या तोंडावर परत घेऊन आले. मधले सगळे दिवस ते दवाखान्याच्या आवारात, पेशंटच्या माणसांसाठी बांधलेल्या टिनाच्या शेडमध्ये, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकत राहिले.

त्या शेडच्या समोर औषधं देण्याची खिडकी होती. बाबांना दिवसभर दुसरं काम नव्हतं, ते खिडकीकडे बघत बसायचे. आतला माणूस बाटलीत लाल मिक्स्चर भरायचा, मग कागदाची पट्टी घ्यायचा, तिला कात्रीनं बाजूने खाचा पाडायचा आणि ती बाटलीला चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळावं म्हणून केलेली ही सोय बाबांना इतकी आवडली की घरी आल्यावर ऑपरेशनची गोष्ट कमी आणि त्या पट्टीची गोष्ट जास्त सांगायचे. मी तेव्हा मॅट्रिकला होतो. बाबांनी ठरवून टाकलं.

"पोट्टा त्या खिडकीच्या अंदर बसन," ते पारावर म्हणाले.

पारावर एक वडीलधारे गृहस्थ होते, त्यांनी शंका काढली की मिशनवाले पोराला बाटवतील. बाबा म्हणाले, "माह्या बायकोचं पोट फाडून शिवलं त्याइनं. तवा ते नाही बाटली. पोट्टा कायचा बाटते?"

असा मी घाटावर गेलो. मिशननं दवाखान्याला जोडून नुकताच फार्मसीचा वर्ग सुरू केला होता. आम्ही सहा जण होतो. शिकवायला एक सर होते, नगरकडचे, ख्रिस्ती, बारीक अंगाचे, बोलणं अगदी पुस्तकी. ते कुणालाही अरे-तुरे करत नसत, फक्त फार माया आली की करत. वसतिगृहात माझ्या खोलीत जो मुलगा होता तो मिशनमध्येच लहानाचा मोठा झालेला. त्याचे आईवडील पटकीत गेले होते. उंच, हडकुळा, आणि झोपेतसुद्धा हसल्यासारखा दिसणारा. सकाळी प्रार्थनेची घंटा झाली की तो उठायचा, आणि त्याच्या खाटेच्या कुरकुरीनं मी उठायचो. त्यानं कधी मला चल म्हटलं नाही. मी कधी गेलो तर जागा करून द्यायचा, एवढंच.

शिकण्यातलं मला सगळ्यात आवडायचं ते खल आणि बत्ता. तेल आणि पाणी एकत्र राहत नाहीत, पण बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक घालून खलात नीट घोटलं तर त्याचं दुधासारखं पांढरं औषध होतं. घोटता घोटता एक वेळ अशी येते की बत्त्याखालून चटचट आवाज निघतो. तो आला की समजायचं, जमलं. सर डोळे मिटून फक्त कान द्यायचे आणि कुणाचं जमलं, कुणाचं नाही, हे सांगायचे. माझं बहुतेक वेळा जमायचं. सगळ्यांमध्ये माझा हात चांगला, असं ते एकदा म्हणाले होते, आणि ते मी सुट्टीत घरी येऊन मायला सांगितलं होतं.

परीक्षा नागपूरला झाली. प्रात्यक्षिकाला मला तेच आलं, तेल आणि पाण्याचं औषध. मला मनातून हसू आलं. समोर ठेवलेला खल नुकताच धुतलेला होता, आणि तो आतून ओला आहे हे मी बघितलंच नाही. आमच्याकडे खल पुसून पालथा ठेवायची सवय. मी धरून चाललो की सगळीकडे तसंच असेल. डिंकाच्या गुठळ्या झाल्या. चटचट आवाज आलाच नाही. मी घोटत राहिलो आणि तेल वर तरंगत राहिलं. पुन्हा पहिल्यापासून केलं, पण वेळ संपली. परत आल्यावर सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पुन्हा करायला घेतलंत ना, मग परीक्षक बघतात, मार्क देतात. मीही तसंच मानलं. बाकीचे पेपर उत्तम गेले होते.

मिशनची पद्धत अशी होती की पास झालेल्यांचा सोहळा करायचा. दवाखान्याच्या आवारात चर्चशेजारी एक हॉल होता, तिथे प्रार्थना, गाणी, डॉक्टरीणबाईंचं भाषण, आणि मग घरच्या मोठ्या माणसानं पुढे येऊन आपल्या मुलाच्या अंगावर पांढरा कोट घालायचा. नंतर जेवण. सोहळ्याचा दिवस संक्रांतीनंतरचा ठरला होता आणि घरोघरी निरोप गेले होते. निकाल मात्र लांबला. तो आला सोहळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी.

आम्ही सगळे औषधांच्या खोलीत होतो. सरांनी पाकीट फोडलं, वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे न बघताच मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर या."

व्हरांड्यात आल्यावर म्हणाले, "तुझं प्रात्यक्षिक राहिलं."

त्यांनी मला अरे-तुरे केलं, तेव्हाच मला खरं वाटलं.

"बाकीचे?"

"बाकीचे सगळे झाले."

आतून बाकीच्या पाच जणांचा आवाज येईना. त्यांना अजून त्यांचंही कळलेलं नव्हतं, आणि माझं काय झालं याचा अंदाज आलेला होता. सर म्हणाले, "उद्या तू थांबलाच पाहिजेस असं नाही. घरी जायचं असेल तर जा. मी समजेन."

पण घरी जाऊन उपयोग नव्हता. बाबा आणि माय त्याच दिवशी सकाळी घरून निघून शेगावला नातेवाइकांकडे मुक्काम करणार होते आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं येणार होते. तार केली असती तरी ती कुलूप लावलेल्या दारावर पोचली असती. मग मी काय करणार? मी दुपारी हॉलमध्ये गेलो आणि झेंडूच्या माळा बांधायला लागलो. हाताला काहीतरी काम हवं होतं. माझा खोलीतला जोडीदार शिडीवर चढून पताका लावत होता. तो पास झाला होता, पण सकाळपासून त्याचं तोंड असं होतं की जणू तोच राहिला. मी म्हणालो, "अरे, हस ना लेका."

तो म्हणाला, "येत नाही रे."

दुसऱ्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेलो. मनात वाक्यं तयार केली होती. गाडी आली, आणि आधी उतरले ते आमच्या गावचे शिंपी चाचा. मी बघतच राहिलो. चाचांच्या बगलेत एक गाठोडं होतं. त्यांच्या मागून माय, हातात लाडवांचा डबा. तीळ-गुळाचे असणार, संक्रांत नुकतीच झाली होती. सगळ्यात शेवटी बाबा, कारण ते कंडक्टरशी बोलत होते.

"हा माहा पोरगा," त्यांनी गाडीच्या दारातूनच कंडक्टरला सांगितलं. "पास झाला. आता सरकारी दवाखान्यात लागन."

कंडक्टर म्हणाला, "वा, वा. पेढे कुठी हायेत काकाजी?"

"लाडू हायेत ना! ए, दे वो एक याले."

मायनं डबा उघडून कंडक्टरला लाडू दिला. ड्रायव्हरलाही दिला. मी तसाच उभा. चाचा माझ्या खांद्यांवरून हात फिरवून माप बघत होते. "बेटा, तू तर वाळून गेला. मी कोट जुन्या मापावर शिवला ना!"

मला तेव्हा कळलं. घरून शक्य असेल त्यांनी कोट शिवून आणावा, नाहीतर दवाखान्याच्या भांडारातून मिळेल, असा निरोप गेला होता. बाबांनी चाचांकडून कोट शिवून घेतला होता आणि तो माझ्या अंगावर कसा बसतो हे बघायला चाचा दुकान बंद करून स्वतः आले होते.

स्टँडवर लोकांमध्ये बोलणं होईना. आम्ही चालायला लागलो. दवाखान्याच्या फाटकाअलीकडे एक मोठं कडुनिंबाचं झाड होतं, तिथे मी थांबलो.

"बाबा, एक सांगायचं हाये."

"बोल ना."

"मी राह्यलो. एका विषयात. काल समजलं."

बाबांना आधी कळलं नाही. "राह्यलो म्हनजे? कुठी राह्यला?"

"नापास झालो, बाबा. बाकीचे पाची पास झाले."

बाबा खाली बसले. म्हणजे पडले नाहीत, चक्कर आली नाही, फक्त धोतर सावरून झाडाच्या मुळीवर बसले, शेतात बसतात तसे. माय म्हणाली, "काऊन रे, बिमार होता का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मंग?" मी तिला खल ओला असल्याचं सांगायला लागलो आणि मधेच थांबलो, कारण ते मलाच ऐकवेना.

चाचा कुणाकडेच बघत नव्हते. ते गाठोड्याची गाठ सोडत आणि पुन्हा बांधत होते.

बाबांनी मुळीवरची माती हातानं झाडली. मग एकदम चाचांवर उखडले. "तुमाले म्हनलं होतं ना, बाह्या लंब्या करू नका म्हून. आयकतच नाही तुमी कोनाचं."

चाचा म्हणाले, "हाव भाऊ. चुकलं."

बाह्यांचं काय चुकलं होतं कुणास ठाऊक. पण बाबांना ते बोलून थोडं मोकळं वाटलं असावं. मी म्हणालो, "दुपारी खामगावची गाडी हाये. आपन जाऊ. मी पन येतो."

"चाला," बाबा म्हणाले आणि उठले.

माय उठली नाही. तिनं डबा मांडीवर घेतला होता. "तुमी जा," ती म्हणाली. "मी नाही येत."

"म्हनजे?"

"मी या दवाखान्यातून जित्ती घरी गेली. आज इथं पोराइचा कार्यक्रम हाये. तो आपला नाही, त्याइचा हाये. पन हाये ना? डागदरीनबाई इचारन का ते बाई फाटकावरून काऊन परत गेली, तं काय सांगाव?"

बाबा म्हणाले, "लोक काय म्हनतीन?"

"कोनते लोक? आपल्या गावचं इथं कोन हाये? एक चाचा हाय. काहो चाचा, तुमी काय म्हनसान?"

चाचा म्हणाले, "मी तं शिलाई पाहाले आलो होतो, भाभी. मी काय म्हनू?"

माय उठून फाटकातून आत गेली. मग आम्हीही गेलो.

हॉलच्या व्हरांड्यात गडबड चालली होती. पास झालेली मुलं कोट हातात घेऊन उभी होती, त्यांच्या घरची माणसं नव्या कपड्यांत. माझा जोडीदार एका खांबाशी एकटाच होता. त्याच्याकडून येणारं कुणी नव्हतं, सर त्याला कोट घालणार होते. त्याचा कोट भांडारातला. कधीकाळी कुणा जाड्या डॉक्टरचा असावा. कॉलर पिवळी पडलेली, खिशावर शाईचा डाग, आणि दोन माणसं मावतील एवढा घेर.

मी त्याची ओळख करून दिली. तो मायच्या आणि बाबांच्या पाया पडला. चाचांना त्यानं सलाम केला. पण चाचांचं लक्ष त्याच्या हातातल्या कपड्याकडे लागलेलं. त्यांनी तो कोट घेतला, उलटा केला, शिवण बघितली, आणि त्यांचं तोंड एखाद्यानं कडू काढा पाजल्यासारखं झालं.

"हे काय हाये?"

"कोट आहे, चाचा," जोडीदार म्हणाला.

"कोट? बेटा, हा तं बोरा हाये! याच्यात कापूस भरा अन् जिनिंगले पाठवा." ते बाबांकडे वळले. "भाऊ, हा पोरगा साऱ्या दुनियेसमोर हे घालन? मी हातात सुई धरनारा मानूस, मी इथं बसून हे पाहू?"

बाबांची नजर चाचांच्या बगलेतल्या गाठोड्यावर गेली. त्यातला कोट बाबांनी शिवून घेतलेला होता, तो द्यायचा की नाही हे बाबांनीच ठरवायचं होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"तुले चालन का?"

खरं सांगायचं तर मला चाललं नसतं. माझा जोडीदार मला भावासारखा होता, पण त्या क्षणी तो कोट माझा होता, तो गाठोड्यातच राहावा, घरी ट्रंकेत पडून पिवळा व्हावा, पण दुसऱ्याच्या अंगावर जाऊ नये असं मला वाटत होतं. मी "हो" म्हटलं, कारण बाबा विचारत होते आणि माय बघत होती.

चाचांनी गाठोडं सोडलं. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. मी वाळलो असेन, पण माझा जोडीदार माझ्यापेक्षा हातभर उंच. त्याला घालून बघितला तर बाह्या मनगटाच्या वर राहिल्या. चाचांनी पटकुरासारखा रुमाल जमिनीवर टाकला, तिथेच मांडी घातली, खिशातून सुईदोरा काढला आणि दातानं बाह्यांची दुमड उसवली. पुढे बाह्या लांब करता याव्यात म्हणून चाचांनी बरंच कापड आत दुमडलं होतं, ते सगळं कामाला आलं. आतून घंटा झाली. लोक हॉलमध्ये जायला लागले. चाचा टाके घालत होते आणि तोंडानं म्हणत होते, "थांब, थांब, हालू नको बेटा."

तेवढ्यात जोडीदार बाबांना म्हणाला, "काकाजी, एक मागू का?"

"माग ना."

"सर घालणार आहेत मला कोट. पण सर सगळ्यांचेच आहेत. तुम्ही घालता का?"

बाबा दचकले. "मी? मी तं हिंदू मानूस. मले तुमचं काही येत नाही. काही म्हनाव लागते का?"

"काही म्हणायचं नाही. नुसता घालायचा."

"चपला काढाव लागतीन?"

"काढल्या तरी चालतात, नाही काढल्या तरी."

"मी काढीन," बाबा म्हणाले.

हॉल भरलेला होता. पुढच्या रांगेत डॉक्टरीणबाई, सर, दवाखान्याच्या नर्सेस, मागे आसपासच्या गावची माणसं. मी मागच्या बाकावर मायजवळ बसलो. कुणी मला काही विचारलं नाही, त्याचे मी मनातून आभार मानले. पेटी-तबल्यावर गाणी झाली. बाबा कडेला बसून मान हलवत होते. नंतर ते मला म्हणाले की हे तर आपल्या भजनासारखंच आहे, फक्त टाळ नाहीत. सरांनी प्रार्थना म्हटली. ती लांबली. चाचा उघड्या डोळ्यांनी आणि जोडलेल्या हातांनी बसून राहिले, कारण शेजारचा तसाच बसला होता.

मग नावं पुकारायला लागले. एकेक मुलगा पुढे जायचा, त्याचा बाप नाहीतर काका नाहीतर मोठा भाऊ कोट घालायचा, टाळ्या व्हायच्या. एकाच्या म्हाताऱ्या आजोबांना बाही कुठे ते सापडेना, तेव्हा सगळा हॉल हसला आणि आजोबाही हसले. जोडीदाराचं नाव आलं. बाबा अनवाणी पुढे गेले. मी त्यांना एवढ्या लोकांसमोर कधी उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. त्यांनी कोट दोन्ही हातांनी झटकला, जसा पेरणीच्या आधी पाठीवरचा कांबळा झटकतात तसा, आणि मागून धरला. मुलगा वाकला तरी उंच होता. बाबांना टाचा उचलाव्या लागल्या. कोट घालून झाल्यावर आपण काय करायचं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "जाय बापा. चांगलं कर."

ते हळूच बोलले होते, पण हॉल शांत असल्यानं सगळ्यांना ऐकू गेलं.

माझ्या शेजारी माय रडत होती. मीही रडलो. ते त्याच्या आनंदाचं होतं की माझ्या दुःखाचं, हे मी त्यानंतर अनेकदा ठरवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. एवढं मात्र आठवतं की मघाशी कोटाबद्दल जे वाटलं होतं ते तेव्हा वाटत नव्हतं. चाचा मात्र रडत नव्हते. ते पुढे झुकून बाह्यांकडे बघत होते, आणि बाह्या बरोबर मनगटावर आल्या होत्या.

जेवताना डॉक्टरीणबाई आमच्या पंगतीकडे आल्या. त्यांचं मराठी त्यांच्या पद्धतीचं होतं, प्रत्येक शब्द वेगळा ठेवून बोलायच्या. त्यांनी मायला लगेच ओळखलं. "पोट दुखते?"

"नाही बाई. आता काही नाही दुखत."

"मुलगा हुशार आहे," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "पुन्हा परीक्षा. आम्ही ठेवणार."

मायनं त्यांना लाडू दिला. बाईंनी तो तिथेच उभ्यानं खाल्ला. डबा मग पंगतीभर फिरला. मटण वेगळ्या बाजूला वाढत होते, ते चाचांनी घेतलं नाही, कुणी कापलं ते माहीत नाही म्हणाले. सरांनी ते ऐकलं आणि त्यांच्या पानात आणखी बुंदी वाढायला सांगितली. चाचा म्हणाले, एवढी बुंदी मी माह्या लग्नात पन नाही खाल्ली.

दुपारच्या गाडीनं ते परतले. मी राहणार होतो, सरांनी थांबायला सांगितलं होतं. स्टँडवर बाबा मला बाजूला घेऊन गेले.

"मले वाईट वाटलं," ते म्हणाले. "लय वाटलं. नाही वाटलं असं म्हनीन तं खोटं होईन."

"हो बाबा."

"पन तुह्यावर राग नाही. समजलं का?"

"हो."

"तं मंग असा मान खाली घालून नको राहू. जेवत जाय."

चाचा गाडीच्या खिडकीतून म्हणाले, "बेटा, कापड उरेल हाये. फिकर करू नको." बाबांनी त्यांना गप्प केलं.

पुढचे महिने मी तिथेच राहिलो. सकाळी खिडकीवर मदत, दुपारी खल. सर मुद्दाम कधी ओला, कधी तापलेला, कधी तडा गेलेला खल समोर ठेवायचे आणि काही न बोलता निघून जायचे. मी शिकलो. खरं तर खलापेक्षा जास्त हे शिकलो की समोर ठेवलेली वस्तू आधी हातानं बघायची, मग कामाला लागायचं. जोडीदाराला तिथेच नोकरी लागली होती. तो आता माझा वरिष्ठ होता, पण खोलीत खाटेवर बसून माझ्याकडून पाठ म्हणवून घ्यायचा, आणि मी चुकलो की माझ्याहून जास्त घाबरायचा. माझ्या लग्नात तो आठवडाभर आधी येऊन राहिला. बाबा गेले तेव्हा सगळ्यात आधी घाट उतरून तोच आला. पण ते फार नंतरचं.

उन्हाळ्यात मी पुन्हा नागपूरला जाऊन परीक्षा दिली, आणि या वेळी निकाल लवकर लागला. सरांनी चहा पाजला, पाठ थोपटली, आणि मला पुन्हा अहो-जाहो करायला लागले. मी गाडी धरून घरी गेलो.

घरी माय म्हणाली, बाबा वावरात आहेत, विहिरीतला गाळ काढून राहिले. मी तसाच, नव्या पँटीत, वावरात गेलो. वर दोन गडी दोर ओढत होते आणि बाबा खाली होते. मी काठावर वाकून ओरडलो, "बाबा! पास झालो!"

खालून आवाज आला, "काय?"

"पास झालो म्हनतो!"

विहिरीच्या तळाशी अंधारात बाबांच्या डोक्यावरचं पांढरं फडकं तेवढं दिसत होतं. ते वर झालं. त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"खरं बोलून राह्यला का?"

"हाव, खरं!"

"सोहळा कधी हाये?"

"आता सोहळा नसते, बाबा. पुन्हा बसनाऱ्याइचा सोहळा करत नाहीत."

फडकं पुन्हा खाली वळलं. मला वाटलं त्यांच्या मनाला लागलं असेल. मग खालून हसण्याचा आवाज आला. बाबा क्वचित हसायचे, आणि विहिरीत ते हसणं भिंतींना लागून मोठं होऊन वर आलं, तेव्हा दोर ओढणारे गडीही हसायला लागले.

"बरं झालं बाप्पा," बाबा म्हणाले. "हा गाळ सोडून मी कसा आलो असतो? चाल, दोर धर. दोघाइले जड जाते."

मी शर्ट काढून बाभळीच्या फांदीला टांगला आणि दोर धरला.